ताप उतरला, ताकद कुठे गेली?

शाळेत दरवर्षी एखाद्या तरी मुलाचा हात मोडतो. पाच-सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले की सगळा वर्ग तो हात बघायला गोळा होतो. कातडी कोरडी पडलेली असते आणि दुसऱ्या हाताच्या मानाने हा हात चक्क बारीक दिसतो. हाड जुळलेले असते, पण त्या हाताने दप्तर उचलवत नाही. न वापरलेला स्नायू रोडावतो, हे मुलांना धडा न वाचताच कळते. दोन-तीन महिन्यांत हात पुन्हा भरतो आणि सगळे ती गोष्ट विसरून जातात.

आता अशी कल्पना करू, की प्लास्टर एका हाताला नसून साऱ्या शरीराला घातले आहे. श्वास घेणाऱ्या स्नायूंनासुद्धा. शिवाय त्याच वेळी शरीरातली प्रथिने झपाट्याने मोडली जात आहेत आणि स्नायूंपर्यंत संदेश नेणारे चेतातंतूही दुखावले आहेत. तीन आठवड्यांनी हे ‘प्लास्टर’ काढले तर आत काय सापडेल? जबर न्यूमोनिया, फुटलेले अपेंडिक्स, लेप्टोस्पायरोसिस किंवा कोरोनाच्या साथीतला गंभीर संसर्ग यांतून वाचून, अतिदक्षता विभागातून घरी आलेल्या अनेक माणसांची अवस्था जवळजवळ अशीच असते.

घरी मात्र चित्र वेगळे दिसते. ताप नाही, रक्ताच्या तपासण्या ठीक आहेत, छातीचा फोटो स्वच्छ आहे. नातेवाईक म्हणतात, “आता काही झालेले नाही, उगाच मनाने खचू नका.” आणि त्या माणसाला तर खुर्चीतून उठताना हातांचा आधार घ्यावा लागतो. जिना चढताना मध्येच बसावे लागते. दोघेही खोटे बोलत नाहीत. हे कसे, ते आपण पाहू.

संसर्ग आणि शरीराचे उत्तर

जंतू शरीरात शिरले की प्रतिकार यंत्रणा कामाला लागते. पांढऱ्या पेशी धावून येतात, सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने रक्तात सोडली जातात, ताप चढतो. बहुतेक वेळा हे उत्तर नेमके आणि नेमस्त असते. पण काही वेळा ते आवाक्याबाहेर जाते. मग जंतूंपासून दूर असलेले अवयवही, म्हणजे मूत्रपिंडे, फुप्फुसे, यकृत, मेंदू, या धुमश्चक्रीत निकामी होऊ लागतात. या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. २०१६ साली तज्ज्ञांनी तिची व्याख्या नव्याने केली. त्या व्याख्येचा गाभा असा, की संसर्गाला शरीराने दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादामुळे अवयवांचे काम जीवघेण्या पातळीवर ढासळणे म्हणजे सेप्सिस. यात भर जंतूंवर नसून शरीराच्या प्रतिसादावर आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हा काही दुर्मीळ प्रकार नव्हे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार, २०१७ या एका वर्षात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक दगावले. त्या वर्षी जगात झालेल्या मृत्यूंपैकी साधारण दर पाचवा मृत्यू सेप्सिसशी जोडलेला होता. आपण या आकड्यांची वजाबाकी मात्र सहसा करत नाही. जे दगावले नाहीत ते पावणेचार कोटींहून जास्त होते. त्यांचे पुढे काय झाले?

वाचलेल्यांचा प्रश्न नवा आहे

हा प्रश्न फार जुना नाही, कारण पूर्वी इतक्या आजारी अवस्थेतून माणसे क्वचितच वाचत. १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले पहिले ३१ रुग्ण उपचारांसाठी आले आणि त्यांतले २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी बसवून, रबरी पिशवी हाताने दाबत तिच्या फुप्फुसात हवा भरली. मुलगी वाचली. मग वैद्यकीय महाविद्यालयाचे सुमारे दीड हजार विद्यार्थी आळीपाळीने, रात्रंदिवस, रुग्णांशेजारी बसून पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात ती हीच.

पुढची काही दशके या विभागांचे यश एकाच प्रश्नाने मोजले गेले: रुग्ण जिवंत बाहेर पडला का? तो बाहेर पडून कुठे गेला आणि तिथे काय करू शकला, हे विचारायला बराच काळ जावा लागला.

टोरांटोचे १०९ रुग्ण

कॅनडातल्या टोरांटो शहरात मार्गारेट हेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न नेटाने विचारला. फुप्फुसात द्रव भरून श्वसन कोलमडण्याचा एक गंभीर विकार आहे. न्यूमोनिया आणि सेप्सिस ही त्याची प्रमुख कारणे. या विकारातून वाचलेल्या १०९ रुग्णांचा त्यांनी वर्षभर पाठपुरावा केला आणि निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. रुग्ण म्हातारे नव्हते. त्यांचे मध्यक वय होते ४५.

संशोधकांना वाटले होते, की फुप्फुसेच कायमची अधू झालेली दिसतील. प्रत्यक्षात फुप्फुसांचे आकारमान आणि फुंकरीची ताकद सहा महिन्यांत जवळजवळ पूर्ववत झाली होती. अडचण दुसरीकडेच होती. अतिदक्षता विभागातून बाहेर पडेपर्यंत या रुग्णांचे वजन सरासरी १८ टक्क्यांनी घटले होते. म्हणजे ६० किलोच्या माणसाचे जवळजवळ ११ किलो. सपाट जागेवर सहा मिनिटांत जास्तीत जास्त किती चालता येते, ही एक साधी चाचणी त्यांनी घेतली. तीन महिन्यांनंतर मध्यक अंतर भरले २८१ मीटर, वर्षानंतर ४२२ मीटर. त्याच वयाच्या आणि बांध्याच्या निरोगी माणसाकडून जितकी अपेक्षा असते, त्याच्या ते दोन तृतीयांशच होते. वर्षभराने कामावर परतलेले लोक होते साधारण निम्मे. न चालवण्याचे कारण विचारले, तर बहुतेकांनी दम लागतो असे सांगितले नाही. हातापायांत बळ नाही, असे सांगितले.

याच गटाचा पाच वर्षांचा अहवाल २०११ साली आला. तेव्हाही सहा मिनिटांतले अंतर ४३६ मीटरच होते. तरुण रुग्ण वयस्करांपेक्षा लवकर सावरले, पण दोन्ही गट अपेक्षित पातळीच्या खालीच राहिले.

स्नायू गेले कुठे?

हे बळ नाहीसे होण्याची निदान तीन कारणे आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण आपल्या ओळखीचे, निष्क्रियता. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणातच ठेवले होते. तीन आठवड्यांनी त्यांची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची क्षमता पाव हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा असे दिसले, की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या क्षमतेचे जेवढे नुकसान केले नव्हते, तेवढे त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केले होते. ही तर धडधाकट पोरे होती. उतारवयात हे नुकसान आणखी लवकर होते.

श्वासपटलाची गोष्ट त्याहून बोलकी आहे. हा स्नायू जन्मापासून एक दिवसही सुट्टी घेत नाही. पण कृत्रिम श्वसनयंत्र लावले की त्याचे बरेचसे काम यंत्र करते. मेंदू मृत झाल्यामुळे १८ ते ६९ तास पूर्णपणे यंत्रावर ठेवलेल्या अवयवदात्यांचे श्वासपटल तपासले, तेव्हा स्नायुतंतूंच्या काटछेदाचे क्षेत्रफळ निम्म्याहून कमी भरले. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. दोन-तीन दिवसांत निम्मे! कधी न थांबणारा स्नायू थांबला, की सर्वांत लवकर खंगतो.

दुसरे कारण खुद्द आजार. अंथरुणात पडून राहणे सगळ्याच रुग्णांच्या वाट्याला येते. मग सर्वांचे स्नायू सारखेच झिजायला हवेत. तसे होते का? लंडनमधल्या संशोधकांनी अतिदक्षता विभागातल्या ६३ रुग्णांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूचे अल्ट्रासाउंडने माप घेतले. त्यांचा अहवाल २०१३ साली आला. दहा दिवसांत स्नायूच्या काटछेदाचे क्षेत्रफळ सरासरी १७.७ टक्क्यांनी घटले. पण ज्यांचा एकच अवयव निकामी झाला होता, त्यांची पहिल्या सात दिवसांतली घट ३ टक्के होती आणि ज्यांचे अनेक अवयव निकामी झाले होते त्यांची १५.७ टक्के. झोपणे दोघांचे सारखेच, झीज मात्र पाचपट. म्हणजे नुसत्या निष्क्रियतेने हिशेब लागत नाही.

स्नायूंची शरीराला आणखी एक उपयुक्तता आहे, ती आपण फारशी शिकवत नाही. स्नायू म्हणजे अमिनो आम्लांची ठेव. संकटकाळी यकृताला संसर्गाशी लढणारी प्रथिने बनवायची असतात, पांढऱ्या पेशींना भराभर वाढायचे असते. त्यासाठी लागणारा कच्चा माल या ठेवीतून काढला जातो. पेशीमध्ये ‘युबिक्विटिन’ नावाचे एक छोटे प्रथिन असते. मोडीत काढायच्या प्रथिनांवर ते चिकटवले जाते आणि चिठ्ठी लावलेला हा माल पेशीतल्या मोडणाऱ्या यंत्रणेकडे जातो. ही रीत शोधून काढणाऱ्या सिचॅनोव्हर, हर्श्को आणि रोज यांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गंभीर संसर्गात सायटोकाइनांच्या इशाऱ्यावर स्नायूंतली ही मोड जोरात सुरू होते आणि नवी प्रथिने बनवण्याचे काम मागे पडते. घर वाचवण्यासाठी दागिने मोडावेत, तसे हे. ते शहाणपणाचेच असते, पण दागिने मोडून काम भागले तरी ते आपोआप परत येत नाहीत.

मग “त्या काळात भरपूर प्रथिने द्या” हा उपाय सहज सुचतो. पण ही झीज केवळ उपासमारीची नसल्यामुळे तो पुरा पडत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, यंत्रावरच्या रुग्णांना नेहमीपेक्षा जास्त प्रथिने दिल्याने त्यांची सुटका लवकर झाली नाही. मूत्रपिंडे बिघडलेल्यांना तर त्याने अपाय होत असावा, असे दिसले. वीट-वाळू अंगणात ओतली, तरी गवंडी संपावर असेल तर भिंत चढत नाही.

तिसरे कारण चेतातंतूंचे. १९८४ साली कॅनडातल्या चार्ल्स बोल्टन या चेतातज्ज्ञाने काही रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांचा संसर्ग आटोक्यात आला होता, फुप्फुसे सुधारली होती, तरी त्यांना यंत्रावरून काढता येत नव्हते. विद्युत तपासणीत कळले, की त्यांच्या हातापायांच्या आणि श्वासपटलाच्या चेतातंतूंचे टोकाकडचे भाग नष्ट झाले होते. चेतातंतू पुन्हा वाढतो, पण दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून पाहावे, म्हणजे वाट किती लांबची आहे ते उमगेल.

याखेरीज स्नायूंची दुरुस्ती करणाऱ्या राखीव पेशींनाही मार बसतो. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या उंदरांवरच्या प्रयोगात, सेप्सिसनंतर या पेशींमधल्या तंतुकणिका बिघडलेल्या आढळल्या. ते काम २०१५ साली प्रसिद्ध झाले. प्लास्टरमधला हात लवकर भरतो आणि या माणसाचे अंग भरत नाही, याचे एक कारण इथे असू शकेल. हाताचे गवंडी शाबूत होते, इथे तेही जखमी आहेत.

अपंगत्व कशाला म्हणायचे?

अमेरिकेत उतारवयातल्या हजारो लोकांची दर दोन वर्षांनी पाहणी केली जाते. तिचा आधार घेऊन २०१० साली थिओडोर इवाशिना आणि सहकाऱ्यांनी गंभीर सेप्सिसमधून वाचलेल्या ५१६ जणांची आजारापूर्वीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहिली. अकरा कामे मोजली होती. चालणे, कपडे घालणे, अंघोळ, जेवण, अंथरुणातून उठणे, शौचाला जाणे ही सहा. गरम जेवण रांधणे, वाणसामान आणणे, टेलिफोन करणे, औषधे घेणे, पैशांचा व्यवहार सांभाळणे ही पाच. आजारापूर्वी ही सगळी कामे स्वतः करणाऱ्या माणसाला नंतर सरासरी दीड नवे काम जमेनासे झाले होते. मध्यम ते तीव्र बौद्धिक अडचण असणाऱ्यांचे प्रमाण ६.१ टक्क्यांवरून १६.७ टक्क्यांवर गेले होते. म्हणजे केवळ पायच नव्हे, विचार करणे आणि लक्षात ठेवणे हेही ढिले पडले होते. शरीर, बुद्धी आणि मन यांच्या या एकत्रित दुखण्याला २०१२ पासून ‘अतिदक्षतेनंतरचा लक्षणसमूह’ असे नाव मिळाले आहे.

या अकरा कामांची यादी वाचताना आपल्याकडच्या वाचकाला एक गोष्ट खटकेल. यात जमिनीवर बसणे आणि उठणे नाही, उकिडवे बसणे नाही. खुर्ची-टेबलाच्या देशात ती उणीव जाणवत नाही. पण भाताच्या खाचरात चिखलपाण्यात उभे राहून लेप्टोस्पायरोसिस झालेल्या कोकणातल्या शेतकऱ्याचा विचार करा. मांडीच्या स्नायूने साथ सोडली, तर त्याला भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही, पंगतीत मांडी घालता येत नाही, लावणीला वाकता येत नाही. याच माणसाच्या घरी कमोडची खुर्ची आली आणि भिंतीला धरायला दांडी बसली, की त्याच पायांनी त्याचे निम्मे परावलंबन संपते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या वर्गीकरणाचे म्हणणे नेमके हेच आहे. स्नायू दुबळा होणे ही शरीरातली उणीव. उठता न येणे ही कृतीतली अडचण. पंगतीत, शेतात, वर्गात सामील न होता येणे ही सहभागातली अडचण. अपंगत्व केवळ शरीरात नसते, ते शरीर आणि भोवताल यांच्या गाठीभेटीत तयार होते. म्हणून त्यावरचे उपायही दोन्ही बाजूंनी करावे लागतात.

उठणे, बसणे, चालणे

शिकागो आणि आयोवा येथील १०४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ साली आले. रुग्ण यंत्रावर असतानाच, गुंगीचे औषध रोज थोडा वेळ थांबवून, पहिल्या काही दिवसांतच त्यांच्याकडून हातपाय हलवणे, बसणे, उभे राहणे असा व्यायाम करून घेतला. रुग्णालय सोडताना त्यांच्यातले ५९ टक्के रुग्ण स्वतःचे स्वतः करू शकत होते. नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. पण म्हणून जितका लवकर आणि जितका जास्त व्यायाम तितके चांगले, असे नाही. ७५० रुग्णांच्या एका चाचणीत (२०२२) नेहमीपेक्षा वाढीव हालचालीने फायदा दिसला नाही, उलट हृदयाची लय बिघडणे, रक्तदाब बदलणे असे प्रकार जास्त घडले. ‘अजिबात हलू नका’ आणि ‘जोर लावा’ या दोन टोकांमध्ये, रुग्णाचा श्वास आणि नाडी पाहून रोज थोडे पुढे जाणे, हाच सध्याचा धडा आहे.

घरी आल्यावरही तेच. “महिनाभर पडून राहा” हा मायेचा सल्ला बहुधा चुकीचा ठरतो. खुर्चीतून आधाराशिवाय उठण्याचा सराव, रोज थोडे वाढते चालणे, पुरेसे खाणे आणि फिजिओथेरपिस्टचे मार्गदर्शन यांचा उपयोग होतो. जोडीला सावधगिरी हवी, कारण या काळात नवा संसर्ग सहज होतो. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार सेप्सिसमधून वाचलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक तीन महिन्यांच्या आत पुन्हा रुग्णालयात भरती होतात.

शाळेत

हा विषय शाळेच्या मासिकात कशाला, असे वाटेल. पण मुलांनाही सेप्सिस होतो. अमेरिकेतल्या १२ रुग्णालयांत गंभीर सेप्सिसच्या धक्क्यातून गेलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांचे जगणे वर्षानंतरही पूर्वपदावर आले नव्हते. असा मुलगा वर्गात परत आला, की तो कवायतीत मागे राहतो, दुसऱ्या मजल्यावर पोचायला उशीर करतो, पाठ केलेले विसरतो. त्याची प्रकृती ‘बरी’ असल्याचा दाखला आपल्याकडे असतो, म्हणून आपण त्याला आळशी ठरवतो. त्याचा वर्ग तळमजल्यावर आणणे, दप्तर हलके करणे, परीक्षेत थोडा वेळ जास्त देणे, खेळाच्या तासाला त्याला बसवून न ठेवता झेपेल तेवढे चालायला लावणे, यांतले काहीच खर्चाचे नाही.

वर्गात एक प्रयोग करता येईल. मैदानावर ३० मीटरची सरळ रेषा आखा. दोन्ही टोकांना खुणा ठेवा. धडधाकट मुलांनी धावायचे नाही, पण सहा मिनिटे होईल तितके भराभर चालायचे. फेऱ्या मोजून प्रत्येकाने आपले अंतर काढावे आणि त्यावरून ताशी वेग काढावा. मग टोरांटोच्या रुग्णांचे २८१ आणि ४२२ मीटर फळ्यावर लिहा. पहिला वेग ताशी २.८ किलोमीटर येतो, दुसरा ४.२. आता मुलांना पुन्हा सहा मिनिटे चालायला सांगा, पण बरोबर २८१ मीटरच. सव्वानऊ फेऱ्यांपेक्षा किंचित जास्त. हळू चालणे किती अवघड जाते, ते त्यांना कळेल. मग विचारा: शाळेसमोरचा रस्ता या वेगाने ओलांडायला किती सेकंद लागतील? एस.टी. किती वेळ थांबते? तुमच्या घरापासून शाळेपर्यंत किती वेळ लागेल?

ही गणिते सोडवून झाली, की एखादे पोर नक्की सांगेल, की आमचे आजोबा रुग्णालयातून आल्यापासून असेच चालतात आणि आम्ही त्यांना भरभर चला म्हणतो. त्या दिवशी घरी जाऊन ते आजोबांच्या शेजारून, त्यांच्या वेगाने चालले, तर तासाचे सार्थक झाले असे समजावे.